वाचक विचारतात: 'पब्लिक सेल'चा पिवळा कागद आणि घोडे विकणारे कर्नलसाहेब

या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतलेत. पहिला प्रश्न आला अमेरिकेतून, तो मी दोन-चार वाचकांना सहज फॉरवर्ड केला, आणि मग त्यांचेच प्रश्न सुरू झाले. विषय शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन खेड्यात शेतावर व्हायचे ते लिलाव, तिकडच्या भाषेत 'पब्लिक सेल', आणि त्यांच्या जाहिराती. खेडं म्हणजे आयोवा-नेब्रास्का-इलिनॉय हा मक्याचा पट्टा, पण वाचताना निफाड-बारामतीची आठवण आली तर दोष माझा नाही.

प्रश्न : मी शिकागोजवळ राहते. आयोवातून ड्राइव्ह करताना एका अँटिक शॉपमध्ये जुनं पोस्टर मिळालं. वर मोठ्या काळ्या अक्षरात 'पब्लिक सेल', खाली घोड्याचं चित्र, तारीख फेब्रुवारी १९१२. घोडे, गायी, डुकरं, नांगर, पेरणी यंत्र, अगदी चूल आणि पलंगसुद्धा विकायला काढलाय. खाली लिहिलंय १० डॉलरपर्यंत रोख, त्यावर १० महिने उधार, ८ टक्के व्याज. आणि सगळ्यात खाली 'दुपारी फुकट जेवण'. नवरा म्हणतो दिवाळं निघालं असणार बिचाऱ्याचं, भिंतीवर नको लावूस. खरंच जप्ती होती का ही? (एक वाचक, नेपरव्हिल)

उत्तर : लावा बिनधास्त. दिवाळं असायची शक्यता फार कमी आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या पोस्टरवरच आहे, फेब्रुवारी महिना.

आयोवा-इलिनॉयकडे कुळांचे करार १ मार्चला सुरू व्हायचे आणि १ मार्चलाच संपायचे. त्या काळात तिथली बरीच शेतं कुळं कसायची, १९२० च्या शिरगणतीपर्यंत तर आयोवात दहातली चार शेतं कुळांकडे होती. त्यामुळे १ मार्च आला की अख्खा तालुका हलायचा, गाड्यांवर सामान लादून चिखल तुडवत या शेतावरून त्या शेतावर. ज्याला लांब जायचंय, डाकोटात स्वस्त जमीन घ्यायचीय, किंवा वय झालंय आणि गावात छोटं घर घेऊन राहायचंय, तो जानेवारी-फेब्रुवारीत सगळं विकून मोकळा व्हायचा. शेतात तेव्हा बर्फ, काम काही नाही, लोकांना वेळच वेळ, म्हणून सेलचा सीझन तोच. पोस्टरच्या वरच्या ओळीत बहुतेक कारण दिलेलं असतं, शेती सोडतोय म्हणून, किंवा अमुक राज्यात चाललोय म्हणून. जप्ती असती तर शेरीफचं, म्हणजे तिथल्या सरकारी पोलिस अधिकाऱ्याचं, नाव आलं असतं आणि जेवण फुकट मिळालं नसतं हो.

आता तो कागद नीट वाचा, मजा आहे त्यात. पत्ता बघा, 'गावापासून ४ मैल उत्तरेला आणि २ मैल पूर्वेला' असं काहीतरी असेल. त्या भागाची जमीन सरकारने आधीच एकेक चौरस मैलाच्या, म्हणजे ६४० एकरच्या चौकोनात आखून टाकलेली, रस्तेही बहुतेक त्याच रेघांवर, त्यामुळे घर नंबर वगैरे काही लागायचंच नाही, उत्तरेला इतके नि पूर्वेला इतके की माणूस बरोब्बर पोचला.

मग घोडे बघा. प्रत्येकाचा रंग, वय आणि वजन दिलेलं असतं, 'कुमेद घोडी, ५ वर्षं, १४०० पौंड, गाभण'. वजन कशाला? तर हे घोडे बसायचे नव्हेत, नांगराला जुंपायचे, जड घोडा म्हणजे जास्त ओढ. आणि एखाद्या घोड्यापुढे वय न लिहिता 'स्मूथ माउथ' असं लिहिलंय का शोधा. घोड्याच्या पुढच्या दातांवर खळगे असतात, ते वयाबरोबर झिजत जातात आणि साधारण दहाबारा वर्षांनंतर दात सपाट होतात, मग दात बघून वय सांगता येत नाही. म्हणजे 'तोंड गुळगुळीत' हा म्हातारा म्हणायचा सभ्य मार्ग. आपल्याकडे बैलबाजारात दातांवरून दुसा, चौसा, सहादाती, जुळला असं चालतं ना, तस्संच. खोटं काही बोललेलं नाही, जाणत्याला कळतं, अडाण्याला कळत नाही.

उधारीची ओळ मात्र सगळ्यात महत्त्वाची. खेड्यात फेब्रुवारीत कोणाच्या हातात पैसा? पीक निघून ते विकलं की मग पैसा. १० महिने उधार म्हणजे फेब्रुवारी ते डिसेंबर, मका काढून झाला, डुकरं विकून झाली की फेडायचं. विकणाऱ्याला मात्र दहा महिने थांबायची सोय नाही, तो तर डाकोटात चाललाय. म्हणून सेलमध्ये कारकून म्हणून बसायचा तो बहुधा गावातल्या बँकेचाच माणूस. कोणी काय घेतलं, केवढ्याला, वहीत टिपायचं, घेणाऱ्याकडून सहीची नोट, म्हणजे पैसे फेडायची वचनचिठ्ठी, लिहून घ्यायची, आणि त्या नोटा बँक थोडी कसर कापून आपल्याकडे घ्यायची, विकणाऱ्याला पैसे मोकळे. त्यासाठी माणूस बँकेच्या ओळखीचा लागायचा, नाहीतर शेजाऱ्याची जोडसही. हिशेब मिटवल्याशिवाय वस्तू आवाराबाहेर न्यायची नाही ही अटही तिथेच कुठेतरी खाली बारीक अक्षरात सापडेल.

आणि जेवण! ते काही औदार्य नव्हतं. लिलावाला गर्दी पाहिजे. चार माणसं जमली तर घोडी मातीमोल जाणार, दोनशे जमली तर त्यातली दोन तरी इरेला पेटतातच. सकाळी दहाला सुरू झालेला सेल संध्याकाळपर्यंत चालायचा, बर्फात उभा राहिलेला माणूस भुकेने घरी गेला की बोली गेली. म्हणून सँडविच आणि कपडे उकळायच्या मोठ्या हंड्यात केलेली कॉफी, कप ज्याचा त्याने आणायचा. कधी हे जेवण चर्चच्या बायकांचं मंडळ करायचं, तेव्हा ते विकत असायचं आणि पैसे चर्चच्या फंडाला. तुमच्या पोस्टरवर फुकट लिहिलंय म्हणजे मालकाने स्वतः खर्च केलाय. दिवाळं निघालेला माणूस हा खर्च करत नाही, सांगा नवऱ्याला.

प्रश्न : आमच्याकडे बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे करून उघड लिलाव होतो, व्यापारी पुढे पुढे सरकत बोली लावतात. तिकडे कसं होतं? आणि ते लिलाव करणारे लोक व्हिडिओत इतकं भरभर काय बोलतात, मला तर एक शब्द कळत नाही. (एक शेतकरी वाचक, निफाड तालुका)

उत्तर : कळायला नकोच आहे फार. त्यात खरे शब्द दोनच, आत्ता किती आलेत आणि आता किती हवेत. मधलं सगळं भरताड, जिभेला घसरायला तेल. पण ते बडबडणं उगाच नाही, विचार करायला उसंत मिळाली की माणूस खिशाचा विचार करतो.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही सेल 'क्राय' करायचा असाच वाक्प्रचार होता, म्हणजे आपलं लिलाव पुकारणं. आणि पुकारणाऱ्याला म्हणायचे कर्नल. कुठल्याही लढाईत न गेलेला, आयुष्यभर डुकरं विकलेला माणूसही कर्नल अमुकतमुक. सांगतात ते असं की सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात, जप्त केलेला माल विकायचा अधिकार कर्नल हुद्द्याच्या अधिकाऱ्याला असायचा, तिथून ही पदवी चिकटली. खरं असो नसो, पेपरातल्या जाहिरातींमध्ये हे कर्नल ढिगाने भेटतात. आणि याचं शिक्षण पण होतं बरं का. शिकागोत जोन्स यांची नॅशनल स्कूल ऑफ ऑक्शनियरिंग होती, मिसूरी ऑक्शन स्कूल १९०५ पासूनची, काही आठवड्यांचा कोर्स, शेतकी मासिकांत त्यांच्या जाहिराती यायच्या. शेतकऱ्याचा बोलका पोरगा चार आठवडे शिकागोला गेला की परत येताना कर्नल.

क्रम ठरलेला असायचा. आधी किडूकमिडूक, मग अवजारं, मग जनावरं. सुरुवातीला गवताच्या गाडीवर खोकी मांडलेली असतात आणि त्यांच्यावरच लोकांना गरम करायचं. मी स्वतः हे बघितलंय, भाच्याकडे आयोवात गेलो होतो तेव्हा शेजारच्या शेतावर सेल होता. एका खोक्यात गंजलेल्या बिजागऱ्या, अर्धा डबा रंग आणि एक पक्कड. कर्नलने पाच डॉलर म्हटलं, कोणी हललं नाही. तीन म्हटलं, नाही. एक म्हटलं, तरी नाही. तर पठ्ठ्याने शेजारचं खोकं उचललं आणि याच्यावर ठेवलं, आता दोन्ही मिळून एक! लगेच दोन हात वर, आणि अडीच डॉलरला गेलं. ज्याने घेतलं त्याला बहुतेक पक्कडच हवी होती. बिजागऱ्या त्याने तिथेच गाडीखाली सरकवल्या, मी बघत होतो.

तुमच्या प्रश्नाशी आणखी एक जुळतं. आपल्याकडे हत्ता पद्धत होती, रुमालाखाली बोटं दाबून भाव, तो शेतकऱ्याला कळायचाच नाही. ती मोडायला आणि भाव उघड्यावर आणायला कायदे करावे लागले. वऱ्हाडातल्या कारंजाचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला, मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा. तिकडच्या शेतावरच्या सेलला असं सरकारी कुंपण फारसं नव्हतं, तिथे उघडेपणा होता तो गर्दीचा. दोनशे शेजारी बघतायत, लबाडी करायची तर सगळ्यांदेखत करावी लागणार.

तरी व्हायचीच म्हणा. मालकाचाच मेहुणा गर्दीत उभा राहून भाव चढवायचा, हे इतकं माहीत होतं की चांगला सेल असेल तर जाहिरातीतच छापायचे, आमच्याकडे बनावट बोली नाही. म्हणजे इतरांकडे असायची.

प्रश्न : तेव्हा टीव्ही नाही रेडिओ नाही, मग सेलची बातमी लोकांपर्यंत जायची कशी? आणि त्या काळचे लोकल पेपर मी ऑनलाईन चाळले तर सगळीकडे औषधांच्याच जाहिराती दिसतात, अमुक घ्या आणि मूत्रपिंड, लिव्हर, बायकांचे आजार सगळं बरं. लोक इतके आजारी होते का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोन प्रश्न आहेत, पण दोन्हीचं उत्तर गावच्या पेपरच्या ऑफिसात आहे म्हणून एकदमच देतो.

गावचा पेपर म्हणजे आठवड्यातून एकदा निघणारी चार किंवा आठ पानं, संपादक, बातमीदार, खिळे जुळवणारा आणि वसुली करणारा बहुतेक एकच माणूस, सोबत बायको आणि एखादा पोऱ्या. जगायचा तो पेपरवर कमी आणि छपाईच्या किरकोळ कामांवर जास्त, म्हणजे लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं आणि सेलची पोस्टरं. घोड्याचा, गायीचा, डुकराचा ठसा त्याच्याकडे तयारच असायचा, तुमच्या नेपरव्हिलच्या ताईंच्या पोस्टरवरचा घोडा हा त्या शेतकऱ्याचा घोडा नाही, शेजारच्या तीन तालुक्यांत तोच घोडा फिरलेला असणार. 'पोस्टर आमच्याकडे छापा, पेपरात बातमी फुकट' ही स्कीम सर्रास. शिवाय कर्नलच्या जाहिरातीखाली लिहिलेलं असायचं की तारीख याच पेपरच्या ऑफिसात ठरवा, कारण एकाच दिवशी दोन सेल आले की गर्दी फाटणार, दोघांचं नुकसान. म्हणून पेपरात 'सेलच्या तारखा' असा कॉलमच असायचा. आपल्याकडे मंगल कार्यालयाचा मालक वही बघून सांगतो ना, त्या दिवशी बुक आहे हो, तसं.

पोस्टरं मग लोहाराच्या भात्याजवळ, बँकेच्या दारात, धान्याच्या एलेव्हेटरवर म्हणजे उंच कोठारावर, तबेल्याच्या भिंतीला. पेपर टपालाने, आणि आपल्याच काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पाठवायचा तर साप्ताहिकाला टपाल फुकट होतं. १८९६ पासून खेड्यात घरपोच टपाल सुरू झालं, आधी पोस्टासाठी गावात जावं लागायचं, आता पोस्टमन फाट्यावरच्या डब्यात टाकून जायला लागला. आणि टेलिफोन. खेड्यात एका तारेवर दहाबारा घरं असायची, प्रत्येकाची घंटा वेगळी, दोन लांब एक छोटी वगैरे. ऑपरेटर बाईने सगळ्यांची मिळून एक लांबलचक घंटा दिली की अख्खी लाईन कानाला, कुठे आग लागलीय, स्टेशनात सफरचंदाचा वॅगन आलाय, असलं सगळं तीच सांगायची. दवंडीच की ही, फक्त तारेवरची.

आता औषधं. संपादकाकडे गावच्या बातम्या असून असून किती? दोन पानांच्या. मग बाकीची पानं तो तयार छापलेली विकत घ्यायचा. १८६१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावात केलॉग नावाच्या संपादकाची माणसं सिव्हिल वॉरच्या युद्धावर गेली, पेपर पूर्ण भरेना, म्हणून त्याने एका बाजूने छापलेले कागद मागवले आणि दुसऱ्या बाजूला आपलं छापलं. त्यातूनच मोठा धंदा उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात सगळ्यात मोठी होती ओमाहाची वेस्टर्न न्यूजपेपर युनियन. एका बाजूला गोष्टी, फॅशन, परदेशच्या बातम्या आणि जाहिराती आधीच छापलेल्या, संपादकाने कोरी बाजू भरायची. म्हणजे त्या जाहिराती तुमच्या गावच्या संपादकाने मागितलेल्याच नाहीत, कागदाबरोबर आल्या. कागद स्वस्त पडायचा तो त्याचमुळे.

आणि त्या औषधांत होतं काय, तर 'पेरुना' म्हणून सर्दीपडशावरचं फार खपणारं औषध होतं, त्यात पाव भागाहून जास्त दारू. दारूबंदीला मत देणाऱ्या सभ्य आजीबाई चमच्याने ते घ्यायच्या आणि म्हणायच्या बरं वाटतंय, वाटणारच. पेपरवाले गप्प का, तर या कंपन्यांनी जाहिरातीच्या करारातच एक कलम घातलेलं, तुमच्या राज्यात आमच्या धंद्याविरुद्ध कायदा झाला तर हा करार रद्द. म्हणजे संपादकाने स्वतःच आमदाराला गाठून कायदा अडवावा अशी सोय. १९०५ मध्ये कॉलियर्स साप्ताहिकाने ही भानगड चव्हाट्यावर आणली आणि १९०६ च्या कायद्याने बाटलीवर दारू, अफू, कोकेन किती ते छापणं सक्तीचं झालं. पण तो कायदा लेबलापुरता, पेपरातल्या जाहिरातीला हात लावला नव्हता, त्यामुळे तुम्हाला त्या १९०६ नंतरही दिसत राहतील.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. गावच्या बातम्यांच्या कॉलममध्ये, अमक्याची गाय व्याली, तमके पाहुणे रविवारी जेवायला आले होते, त्याच्याच खाली त्याच टायपात 'अमक्या दुकानात नवीन बूट आलेत, फार टिकतात' अशी ओळ. ती पैसे घेऊन छापलेली, ओळीमागे इतके सेंट, पण वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. १९१२ मध्ये कायदा झाला की सवलतीच्या टपालाने जाणाऱ्या पेपराने पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं लिहिलंच पाहिजे. आता हे वाचून तुम्हाला मोबाईलवरचं काही आठवलं तर मी काय करू.

जाताजाता, भिंती. त्या भागात बार्न म्हणजे गोठा आणि कोठार मिळून असलेली प्रचंड लाकडी इमारत, रस्त्यावरून दिसणारी. पश्चिम व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या 'मेल पाऊच' तंबाखूवाल्यांनी १८९० नंतर या भिंती रंगवायला सुरुवात केली, शेतकऱ्याला वर्षाचे एकदोन डॉलर आणि बार्नला फुकट रंग. रंग मिळतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आमच्या लहानपणी एसटीतून जाताना प्रत्येक गावाच्या वेशीवर गाय छाप जर्दा दिसायचा, सेम.

प्रश्न : सीअर्सच्या कॅटलॉगची गावकऱ्यांनी होळी केली असं वाचलं. खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरं. गावकऱ्यांनी म्हणण्यापेक्षा दुकानदारांनी. माँटगोमेरी वॉर्ड १८७२ पासून आणि नंतर सीअर्स, या घरबसल्या माल मागवायच्या कंपन्या शिकागोतून जाडजूड कॅटलॉग पाठवायच्या, त्यात शिलाई मशीनपासून बगीपर्यंत सगळं, गावातल्या दुकानापेक्षा स्वस्त. १ जानेवारी १९१३ ला सरकारी पार्सल पोस्ट सुरू झालं तेव्हा दुकानदार हवालदिल. काही गावांत मुलांना सांगितलं, कॅटलॉग आणा आणि सिनेमाचं तिकीट किंवा खाऊ घ्या, मग चौकात ढीग करून काडी. गावच्या पेपरने 'गावातच खरेदी करा'चे अग्रलेख लिहिले, कारण शिकागोवाले त्याला जाहिरात देत नव्हते. सेलवाल्याला याचं काही सोयरसुतक नव्हतं, वापरलेला नांगर कॅटलॉगमधून थोडाच मिळतो.

प्रश्न : माझ्या पणजोबांच्या जमिनीचा सावकाराने लिलाव केला होता, आमच्या घरात लिलाव हा शब्दच अशुभ. तुम्ही लिहिता तसं हे एवढं आनंदाचं होतं का तिकडे? (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : नाही, आणि बरं झालं विचारलंत, वरची उत्तरं लिहिताना मी जरा जास्तच रमलो.

१९१० ते १९१४ हा तिकडच्या शेतीचा सोन्याचा काळ, नंतर पहिल्या महायुद्धात भाव आणखी वाढले आणि लोक जमिनीवर तुटून पडले. आयोवात १९२० मध्ये एकराचा सरासरी भाव २५५ डॉलरपर्यंत गेला, कर्ज काढून काढून. मग धान्याचे भाव कोसळले. १९३३ मध्ये तोच एकर ६९ डॉलर. २५५ च्या हिशेबाने घेतलेलं कर्ज ६९ च्या जमिनीतून फेडायचं कसं? गाडीवर खोकी तीच आणि घोडे तेच, पण पोस्टरवर आता शेरीफ आणि बँक, फुकट जेवण नाही.

आणि तेव्हा लोकांनी काय केलं बघा. सेलचा सगळा खेळ गर्दीवर असतो हे त्यांना तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने पाठ होतं. मग गर्दी आली, पूर्वीपेक्षा मोठी आली, आणि गप्प उभी राहिली. घोड्याला बोली पाच सेंट. पुढे? कोणी नाही. गायीला दहा सेंट. एखादा बाहेरचा बोली लावायला लागलाच तर बाजूचे दोघे त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे, काही झाडांना तर फासाचा दोरही लटकवलेला असायचा, समजायला पुरे. १९३१ मध्ये नेब्रास्कात एका विधवेच्या शेतावरच्या अशा सेलमध्ये सगळं मिळून ५ डॉलर ३५ सेंट जमले, बँकेला तेच घ्यावे लागले आणि वस्तू शेजाऱ्यांनी जिच्या तिला परत दिल्या. याला पेनी ऑक्शन म्हणतात. सगळीकडे जमलं असं नाही आणि सगळीकडे शांतपणे झालं असंही नाही. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातल्या ल मार्स गावी जप्त्या थांबवायला नकार देणाऱ्या ब्रॅडली नावाच्या न्यायाधीशाला जमावाने कोर्टातून ओढून बाहेर नेलं, गळ्यात दोर टाकला, कसाबसा वाचला तो. गव्हर्नरने मिलिटरी बोलावली. आयोवाच्या विधिमंडळाने मात्र त्याआधीच, फेब्रुवारीत, जप्तीला स्थगितीचा कायदा केलेला होता, म्हणजे दबाव पोचलेला होता.

तुम्ही इंदापूरचे, तुम्हाला सुपं सांगायला नको. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार, लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जरोखे शोधून शोधून जाळले. मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा. आपल्या लोकांनी कागद जाळला, तिकडच्यांनी कागद तसाच ठेवून बोलीच मारली. पणजोबांच्या लिलावाला कोण आलं होतं, गावातले होते की बाहेरचे, हे घरात कोणाला माहीत आहे का? विचारून कळवा.

प्रश्न : अमेरिकेतल्या या शेतकी जाहिरातींचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : सांगलीतून हा प्रश्न! घरापासून किर्लोस्करवाडी किती लांब आहे रे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमिनीत विष भिनेल, आणि सुरुवातीची दोन वर्षं एक नांगर खपला नाही ही गोष्ट तुझ्या आजोबांनाही माहीत असेल. नांगर चांगला असून भागत नाही, लोकांना जमवून दाखवावा लागतो, सांगावा लागतो. कारखान्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली, पुढे तीच 'किर्लोस्कर' मासिक झाली. तिकडे इलिनॉयमधल्या जॉन डिअर या नांगर कंपनीने १८९५ मध्येच 'द फरो' म्हणजे 'तास' (नांगराने पडते ती रेघ) नावाचं शेतकऱ्यांसाठी मासिक काढलं होतं, ते अजून निघतं. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. पण नांगर विकणाऱ्याला मासिक काढावंसं वाटतं हे दोन्हीकडे घडलं, आणि आपल्याकडे तर त्या मासिकाने मराठी कथा वाढवली. प्रोजेक्टला घे हा विषय, दोन्हीचे जुने अंक समोरासमोर ठेवून.

प्रश्न : मी पुन्हा नेपरव्हिलहून. उत्तर व्हॉट्सअॅपवर मिळालं, नवरा गप्प झाला. त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते शोधता येईल का? आणि पोस्टर हॉलमध्ये खिडकीसमोर लावलंय, चालेल ना?

उत्तर : शोधता येण्याचा चान्स बरा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची 'क्रॉनिकलिंग अमेरिका' ही साईट फुकट आहे, जुने लोकल पेपर स्कॅन करून ठेवलेत. पोस्टरवरच्या गावाची काऊंटी शोधा, तिथलं साप्ताहिक आहे का बघा, आणि फेब्रुवारी १९१२ चे सगळे अंक उघडा. सर्चवर फार विसंबू नका, जुना टाईप मशीनला नीट वाचता येत नाही, डोळ्यांनी चाळा. सेलच्या नंतरच्या आठवड्यातला अंक नक्की बघा, संपादक बऱ्याचदा दोन ओळी लिहायचा, गर्दी चांगली होती, घोड्यांची जोडी इतक्याला गेली. त्यानंतर मार्चचे अंक, कोण कुठे राहायला गेलं ते त्यात येतं.

आणि खिडकीसमोरून ताबडतोब काढा. तो कागद लाकडाच्या लगद्याचा आहे, शंभर वर्षांत जेवढा पिवळा झाला त्याहून जास्त एका उन्हाळ्यात होईल. जिन्याखालची अंधारी भिंत असेल तर तिथे लावा, आणि काढताना मागच्या बाजूला काही लिहिलंय का बघा, घेतलेल्या वस्तूंचा हिशेब लोक पोस्टरच्याच पाठीवर पेन्सिलने करायचे.